मानेवरचे केस

बेव्हर्ली क्रियाडोचं मरोळ गावठाणात, घराच्या पुढच्या खोलीतच पार्लर आहे. मंगळवारी ते बंद असतं. चार वर्षांपूर्वी उपवासकाळात चर्चमधल्या व्हिक्टर अंकलनी आजाऱ्यांना भेटायला जाणारा गट सुरू केला, तेव्हा कुणी डबा द्यायचं कबूल केलं, कुणी औषधं आणून द्यायचं. बेव्हर्ली म्हणाली, मला केस कापता येतात, अंथरुणावरच्या माणसांचे मी कापीन. ईस्टर झाला, बाकीचे एकेक करून गळाले. तिचे मंगळवार चालूच राहिले.

जयंतीकाकू दांडेकरांकडे ती गेलं वर्षभर महिन्यातून एकदा जात होती. काकू ऐंशीच्या पुढच्या, एके काळच्या शाळाशिक्षिका. आता त्यांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं. सांभाळायला मुलगी, गंधालीताई. चौपन्न वर्षांची, एकटी, आईसाठी विमा कंपनीतली नोकरी सोडून घरी बसलेली. आईच्या अंगाला कधी वास नाही, चादरीला डाग नाही. बेव्हर्ली पार्लरमधल्या बायकांना सांगायची, मुलगी असावी तर अशी.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी तिनं काकूंना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, खांद्यांवर टॉवेल टाकला आणि केस ओले केले. गंधालीताई चहा ठेवायला आत गेली. जाताना म्हणाली, मागचे केस लांबच ठेव, मानेवर गार लागतं तिला. गेल्या दोन खेपांनाही ती हेच म्हणाली होती.

उजव्या कानामागे कंगवा अडकला. बेव्हर्लीनं केस बाजूला केले. खपली होती. पडल्या असतील, तिला वाटलं. मग मानेवरचे केस वर उचलले तर तिथे हिरवट-पिवळा पडलेला जुना डाग होता, आणि त्याच्या शेजारी बारीक लाल ठिपक्यांच्या रांगा. सारख्या अंतरावर. वीस वर्षं ती ब्रश हातात धरत होती. ते कशाचे दात आहेत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी तिचा विश्वास बसेना. खिडकीच्या कट्ट्यावरची कात्री घ्यायला तिनं हात उचलला, आणि काकूंनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

काकूंचे हात खाली यायला बराच वेळ लागला. बेव्हर्ली पुढ्यात उकिडवी बसून त्यांचे गुडघे चोळत राहिली. केस कापलेच नाहीत. टॉवेलनं कोरडे केले आणि स्वयंपाकघरात गेली.

गंधालीताई कप पुसत होती. बेव्हर्ली विचारायला म्हणून दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून गंधालीताईनंच कप खाली ठेवला.

"मी मारते तिला," ती म्हणाली. "गुरुवारी ब्रशनं मारलं. त्याच्याआधी हातानं."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. ती सांगत गेली. गणपतीनंतर एकही रात्र सलग झोप नाही. आई दर दहा मिनिटांनी विचारते, गंधाली कुठाय. मी गंधाली, म्हटलं की थुंकते. मारून झालं की आपण संडासात जाऊन कडी लावून बसतो. निहारला, म्हणजे पवईतल्या भावाला, सांगितलं नाही. रविवारी व्हिडिओ कॉल असतो, त्याआधी आईला नीट बसवते.

"तू गेलीस ना, की जिन्यावरचा तुझ्या चपलांचा आवाज जाईपर्यंत मी दाराशी उभी असते," ती म्हणाली. "त्यानंतर महिनाभर घरात कुणी येत नाही."

बेव्हर्लीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिचा हात शिवशिवला आणि ती स्वतःलाच घाबरली. वर्षभर ती या घरात येत होती, काकूंशी गप्पा मारत होती, आणि ही बाई दारात उभी असायची. तिच्याशी आपण काय बोललो ते बेव्हर्लीला आठवेना. चहा छान झालाय, एवढंच.

"गंधालीताई, मी हे झाकणार नाही," ती शेवटी म्हणाली. "निहारला आत्ता फोन करणार. आणि तो येईपर्यंत इथेच बसणार."

नंबर गंधालीताईनंच सांगितला.

निहार तासाभरात आला. आईची मान बघून तो भिंतीला टेकला. मग बहिणीला नको नको ते बोलला, पोलिसांत देईन म्हणाला. तिनं मान हलवली, दे म्हणाली. डॉक्टरांकडे दाखवून तो आईला पवईला घेऊन गेला. रिकाम्या घरात गंधालीताई एकटी उरली. बेव्हर्ली दोन जिने उतरली होती, पण तिला पुढे पाऊल टाकवेना. ती परत वर गेली आणि तिला रिक्षात घालून मरोळला आपल्या घरी घेऊन आली. बेव्हर्लीला तिच्या शेजारी बसणंही जड जात होतं. घरी तिला वरणभात वाढला, मुलीच्या खोलीत पलंग दिला. गंधालीताई एकोणीस तास झोपली. श्वास चालू आहे ना, हे बघायला बेव्हर्ली तीनदा आत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला निहारचा फोन आला.

"मारलं नाही मी," तो म्हणाला. "पण हात उचलला होता. बायकोनं धरला."

बेव्हर्ली पलंगाच्या कडेवर बसली. तिनं त्याला आधी पाणी प्यायला सांगितलं.

आता काकू पवईलाच असतात. दिवसा एक बाई येते, रात्री दुसरी. गंधालीताई स्वतःच्या घरी परतलीय. दुपारी पवईला जाते, पण आईपाशी एकटी बसत नाही. ही अट तिनं स्वतःच घातली. भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलतो. काकू अजून दचकतात. आपण गंधालीताईला मनातून माफ केलंय का, हे बेव्हर्लीला ठाऊक नाही. कधी केलंय असं वाटतं, कधी त्या ठिपक्यांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात आणि वाटत नाही.

डिसेंबरात गट पुन्हा जमला. भेटायच्या आजाऱ्यांची यादी व्हिक्टर अंकल नव्यानं करत होते. बेव्हर्लीनं गंधाली दांडेकर हे नाव सांगितलं. त्यांनी वर बघितलं, विचारलं, आजारी आई ना? मुलीला काय झालंय?

"लिहा तुम्ही, अंकल," बेव्हर्ली म्हणाली. "मंगळवार माझा."