तिसरी मूठ

कानबाईच्या रोटाचे गहू काढायचे तर हात धुतलेले लागतात, डोकं जागेवर लागत नाही. म्हणून यंदा मला जमलं.

माझा एकुलता एक वाल्मीक मागच्या वर्षी ज्येष्ठात गेला. धुळ्याच्या दवाखान्यात, नऊ दिवसांत. मी रडले नाही. आमच्या पिंप्राळ्यात सगळे म्हणाले, ताईबाई लई खंबीर. खंबीर कसली? पायाला मुंग्या आल्या की बोट लावलेलं कळत नाही ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. तोंड तेवढं चालू होतं. माझ्या माहेरी एकदा एवढं मोठं गंगाफळ, म्हणजे भोपळा, झालं की आमची म्हैस त्यात शिरून व्याली आणि आठ दिवस कोणाला सापडली नाही, असलं काहीतरी मी नातवंडांना सांगायचे. लहानगा गिरधर हसायचा. मला माझंच बोलणं शेजारच्या रेडिओसारखं ऐकू यायचं.

कानबाई ही श्रावणातली देवी; सुतकामुळे मागच्या श्रावणात आमच्याकडे ती बसली नाही. यंदा बसणार होती. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि तेच दळून तिच्या नैवेद्याचे रोट करतात. पुरुषाच्या नावाने. आणि माझ्या पंधरा वर्षांच्या नातीला, मुक्ताला, तिच्या नावाची मूठ पाहिजे होती. आठ दिवस तेच चाललं होतं.

"मोठी माय, पप्पा नाहीत. आई रोज धरणगावला बालवाडीत शिकवायला जाते. पाणी मी भरते, गिरधरचा अभ्यास मी घेते. मग मी या घरात नाही का?"

"अक्काला विचार," मी म्हणायचे. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, पार्वताबाई. रोटाचं बठ्ठं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या हुकमाने चालतं.

"पोर लोकेसना घरनी शे," अक्काने सांगून टाकलं. पोर लोकांच्या घरची, म्हणून मूठ नाही. विषय संपला.

शनिवारी सकाळी अक्का आली आणि आम्ही टोपलीभोवती बसलो. मुक्ताचं तोंड उतरलेलं, तिचं पाहून गिरधरचंही. मग मी एक खेळ काढला.

"नुसती मूठ टाकायची नाही. कानबाई विचारते. आधी सांगायचं, वर्षभर कोणामुळे निभलं. मग सांगायचं, पुढच्या कानबाईपर्यंत काय करून दाखवणार. खोटं बोललं तर गहू मुठीतच उगवतो. माझ्या मावशीच्या मुठीत उगवला होता. विळा लावावा लागला."

"कोणती मावशी?" गिरधरने विचारलं.

"तुझ्या जन्माआधीची."

ज्याच्या नावाची मूठ त्याने बोलायचं आणि मूठ मी टाकायची, असं ठरलं. पहिली पाळी आबांची, मुलांच्या आजोबांची. "हिच्यामुळे निभलं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "आणि वर्षभरात हिची एक तरी गोष्ट खरी निघते का, ते शोधून काढीन."

मग गिरधर. "शाळेच्या रिक्षावाल्या उखर्डूकाकामुळे. ते मला रिक्षात पुढे बसवतात, भोंगा वाजवू देतात. आणि मी पुढच्या वर्षी रात्री एकटा संडासला जाईन."

अक्कासुद्धा हसली. हसता हसता टोपलीत बघून थांबली.

"ताईबाई, तीन मुठी कश्या? पुरुष दोनच शेतस."

मी बघितलं. आबांची मूठ, गिरधरची मूठ, आणि मधे एक. आबांच्या मागून वाल्मीकची. वाल्मीक जन्मल्यापासून माझा हात त्याच क्रमाने जात होता. हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

"टाकेल मूठ काढता येस नही," अक्का हळू आवाजात म्हणाली. "आते काय करवा?"

आबा खाली बघत बसले. मला वाटत होतं, राहू दे ती तशीच. कोणी काही बोलू नका. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर केली की माझा वाल्मीक मोजणीतून गेला.

"मला पण सांगू दे," मुक्ता म्हणाली. "मूठ नको. नुसतं सांगते."

कोणी नाही म्हटलं नाही.

"मोठ्या मायमुळे निभलं. पप्पा गेले तेव्हा तू गिरधरला सांगितलंस, पप्पा तापीचा तळ मोजायला गेलेत, सोबत डबा नेलाय. मला खरं माहीत होतं. पण तेवढं ऐकलं की तो जेवायचा." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "मी पण."

मग म्हणाली, "पुढच्या कानबाईपर्यंत पप्पांची स्कूटर चालू करीन. आईला स्टँडवर सोडायला जाईन."

मी टोपलीतल्या मधल्या मुठीकडे बघत होते. मग तोंड आपलं आपण उघडलं.

"अक्का, मी चुकून नाही टाकली. पहाटे कानबाई दारात आली होती. नथ तिरकी झाली होती, मीच सरळ करून दिली. म्हणाली, ताईबाई, तिसरी मूठ मुक्ताच्या नावाची."

अक्काने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुनी कानबाई बी तुनासारखीच बोलस का?"

"मग? माझ्या माहेरची ती."

अक्काने सूप जवळ ओढलं. मग सुपातले गहू मुक्तापुढे सरकवले. "मूठ झाली. वरची पाव राहिली. सव्वा लागस. टाक."

मुक्ताने चिमटीचिमटीने पाव मूठ टाकली. गहू गव्हात गेले. वाल्मीकचे कोणते, मुक्ताचे कोणते, मला दिसेना. आता रडू येईल असं वाटलं. नाही आलं. उठून जातं पुसायला घेतलं.

सोमवारी कानबाईला नदीत पोचवून आलो. मुक्ताने स्कूटरवरचं गोणपाट काढलं, धूळ झटकली, किक मारली. काही नाही.

मी ओट्यावरून म्हटलं, "तुझा बाप हिला मुक्ताईनगरपर्यंत पेट्रोलशिवाय न्यायचा."

"कसा?"

"शिव्या देऊन."

तिने एक शिवी दिली, अगदी हळू, आणि पुन्हा किक मारली. आतून कोणी खोकल्यासारखा आवाज आला आणि थांबला. माझ्या पायाच्या अंगठ्यात बारीक चुरचुरलं. मुंग्या उतरायला लागल्या की होतं, तसं.

मी पदर खोचला आणि मागून धक्का द्यायला उतरले.