हलकी रॅकेट, भक्कम नवरा

आमच्या घरात काहीच मोडत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण असल्या घरात राहून बघा. हे जुन्या फर्निचरची दुरुस्ती करतात. डुगडुगती खुर्ची यांच्या हातात पडली की परत येते ती दोघांनी मिळून उचलायची होऊन. भाजी चिरायच्या फळीला खालून दोन आडव्या पट्ट्या आहेत. लेक शाळेत असताना यांनी तिच्या दप्तराला चामड्याचा तळ शिवला होता, तो असा की रिकामं दप्तर घेऊन निघाली तरी पोरगी एका खांद्यावर झुकायची. काम झालं की वस्तूवर एक थाप मारायची आणि म्हणायचं, "आता भक्कम झालं." त्यावर कोणी काही बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज.

मी पाळणाघर चालवते. त्यात शिकण्यासारखं काही नसतं असं लोकांना वाटतं, वाटू दे. मूल टेबलावरून घसरायच्या आधी माझा हात तिथे गेलेला असतो. दुधाचा पेला कलंडला तर तो मी बोलता बोलता धरते आणि बोलणं पुढे चालू ठेवते. एकदा लेकीच्या सासरी जेवायला गेलो असताना विहीणबाईंच्या कोपराने काचेचा वाडगा कडेवरून गेला आणि तो मी टेबलाखाली झेलला. विहीणबाई गाड्या चालवायला शिकवतात, त्यामुळे वेग त्यांना कळतो. त्यांनी वाडगा परत मागितला नाही, सरळ म्हणाल्या, "विहीणबाई, उद्यापासून पॅडलला माझ्या जोडीला तुम्ही."

पॅडल म्हणजे टेनिसची धाकटी, जरा खट्याळ बहीण. कोर्ट लहान, खेळणार चौघं, आणि सभोवती काचेच्या भिंती. चेंडू एक टप्पा घेऊन काचेवर आपटला तरी मेला असं समजायचं नाही, परत आलेला मारता येतो. रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेली जाडसर फळी असते. मला पहिल्या दिवशीच वाटलं, हा खेळ माझाच आहे. सगळं कुठूनही अंगावर येतं आणि आपण खाली पडू द्यायचं नाही.

क्लबातली उसनी रॅकेट घेऊन खेळून माझं कोपर ठणकायला लागलं, तेव्हा लेकीने मला दुकानात नेलं. दुकानदाराने आधी टोकाकडे जड असलेली एक हातात दिली. ती म्हणे जोरात हाणणाऱ्यांची. मग त्याने माझं पाळणाघर आहे वगैरे ऐकून घेतलं आणि दुसरी काढली. गोल तोंडाची, हलकी, सगळा भार मुठीकडे. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हिने स्मॅश फार जोरात बसणार नाही, पण जाळीपाशी हिच्याइतकी चटकन दुसरी कुठली वळणार नाही. मी ती हातात घेऊन दोनदा डावी-उजवीकडे फिरवली आणि दुकानातच हसायला लागले. लेकीनेही तशीच एक स्वतःसाठी घेतली.

काय दिवस होते ते! विहीणबाई मागे उभ्या राहून काचेवरून येणारं सगळं सांभाळायच्या आणि मी पुढे जाळीला चिकटून. समोरच्याने मारलं की चेंडू यायच्या आत माझी रॅकेट तिथे. मारायचं असं नाहीच, नुसतं तोंड दाखवायचं, चेंडू आपला आल्या पावली परत. विहीणबाईंना शिकवायची इतकी सवय की खेळतानाही तोंड थांबत नाही. डावीकडे बघा, पुढे घ्या, आणि मी जरा अति जोर केला की पाय आपटून "ब्रेक!" त्यांचा पाय खरोखरच खाली दाबला जातो. मला हसू यायचं आणि तरी पॉइंट मिळायचा.

आणि मग माझी रॅकेट काचेला घासली. वरच्या कडेचा नखाएवढा रंग उडाला. एवढंच. पण ते यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रॅकेट माझ्या हातात आली ती नवरीसारखी सजून. वरच्या अर्ध्या कडेला सोफ्याच्या काठाची रबरी पट्टी, तिच्यावर तपकिरी चामडं, आणि भोकांमधून दोरा ओवून घातलेली अशी बारीक शिवण की टाका शोधावा लागेल. मी खरंच हरखले. इतकं सुंदर काम यांनी कधी स्वतःच्या खुर्चीवरही केलं नव्हतं. थाप मारून म्हणाले, आता भक्कम झाली. मी म्हटलं, झाली हो.

त्या आठवड्यापासून चेंडू माझ्या आधी पोचायला लागला. जाळीपाशी हात उचलेपर्यंत तो कानाजवळून गेलेला. स्मॅश मात्र दणदणीत बसायला लागले, एक-दोन बायकांनी टाळ्याही वाजवल्या, म्हणून मला रॅकेटचा संशयच आला नाही. मी वयाला दोष दिला. पाळणाघरात मुद्दाम पेला कडेला ठेवून बघितला, तो पडायच्या आत धरला, तरी मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. शेवटी विहीणबाईंनीच विषय काढला. आडपडदा त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाल्या, राग मानू नका, पण तुमचा हात उशिरा येतोय. रविवारची मॅच आपण हरलो तर पुढच्या हंगामात मी त्या पोहायला शिकवणाऱ्या बाईंबरोबर खेळून बघते. मी हसून बरं म्हटलं आणि घरी येऊन भांडी इतकी आदळली की हे वर्कशॉपातून बघायला आले. मला तो खेळ हवा होता. या वयात नव्याने काही आवडतं आणि ते आपल्याला जमतं, हे सुख मला कोणाला द्यायचं नव्हतं, पोहायला शिकवणाऱ्या बाईंना तर मुळीच नाही.

रविवारी कोर्टावर पोचल्यावर गडबडीत मी लेकीची पिशवी उघडली आणि तिची रॅकेट उचलली. हात आपोआप वर गेला, चिमणीसारखा. मी तशीच उभी राहिले. मग माझी उचलली. मग पुन्हा तिची. अति तिथे माती म्हणतात ती माझ्या हातात होती, आणि तिच्यावर इतकी सुरेख शिवण होती. लेकीची मॅच शेजारच्या कोर्टावर त्याच वेळी होती, तिची घेता येणार नव्हती. आणि घेता आली असती तरी काय? काचेपलीकडे पहिल्या बाकावर हे बसले होते आणि शेजारच्या माणसाला बोटाने माझ्या रॅकेटची कड दाखवत होते. मी आपली गपचूप आपलीच घेऊन आत गेले.

समोर दोघी जावा होत्या. थोरली उंच आणि हाणणारी, धाकटी हसतमुख आणि लबाड. पहिल्या चार चेंडूंतच त्यांनी ओळखलं आणि सगळं माझ्या अंगावर मारायला सुरुवात केली. विहीणबाईंनी मागे धावून धावून जीव काढला. पहिला सेट आम्ही असा हरलो की आकडा सांगायची लाज वाटते.

मधल्या विश्रांतीत मी पाणी पीत बसले होते. विहीणबाई काही बोलत नव्हत्या, हे फार वाईट लक्षण. तेवढ्यात हे दार ढकलून आत आले. कोर्टात यायचं नसतं हे यांना माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. माझ्यासमोर उकिडवे बसले, रॅकेट हातात घेतली आणि मुठीला धरून दोनदा डावी-उजवीकडे फिरवली.

"जड झाली का गं?"

"थोडी," मी म्हटलं.

"थोडी नाही." ते कडेवरून अंगठा फिरवत होते. "तुझा हात कधी उशिरा गेलेला मी बघितला नाही. इतक्या वर्षांत पडणारं काही माझ्या लक्षात यायच्या आधी तू धरलेलं असतं. आज चेंडू पुढे जातो म्हटल्यावर कळलं, हे माझंच काम."

मी म्हटलं, "अहो, राहू द्या. चांगलं शिवलंय."

त्यांनी खिशातला छोटा चाकू काढला आणि आपलीच शिवण उसवायला घेतली. एकेक टाका, न ओरबाडता, जशी दुसऱ्याची वस्तू उसवावी तशी. विहीणबाई रॅकेट धरायला पुढे झाल्या. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ पलीकडून बघत होत्या. पंचाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा शेवटचा टाका निघाला. चामड्याची पट्टी खिशात घालून हे बाहेर गेले. थाप मारली नाही.

पुढचं सांगताना मला आजही बसवत नाही. माझा हात परत आला होता! थोरलीने छातीवर मारला, रॅकेट तिथे. पायाशी मारला, तिथे. धाकटीने लबाडीने मधून काढला, तिथेही. मी मारत नव्हतेच, तोंड दाखवत होते, आणि चेंडू जात होता जिथे कोणी नव्हतं तिथे. एकदा कोपऱ्यातला चेंडू काढताना रॅकेट काचेवर कर्रकन घासली. मी आधी बाकाकडे बघितलं. हे उठून उभे राहिले होते. मग हळूच बसले. तो पॉइंट आम्हाला मिळाला आणि दुसरा सेटही.

तिसऱ्यात शेवटपर्यंत बरोबरी. मॅचच्या पॉइंटला थोरलीने हात उंच नेला आणि सगळी ताकद लावून सरळ माझ्यावर हाणला. मीही हाणणार होते. मागून पाय आपटल्याचा आवाज आला.

"ब्रेक!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी विहीणबाईंचं ऐकलं. मूठ सैल सोडली. चेंडू रॅकेटवर येऊन निजल्यासारखा झाला, जाळीवरून जेमतेम पलीकडे उतरला आणि तिथेच दोन बारक्या उड्या मारून थांबला. दोघी जावा धावल्या, पोचल्या नाहीत, आणि धाकटी गुडघ्यांवर हात ठेवून हसत सुटली. विहीणबाईंनी मला उचललंच. खाली ठेवताना म्हणाल्या की पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं नाव आपण कधी काढलंच नव्हतं असं समजायचं. मी म्हटलं, कोण बाई?

घरी येताना रॅकेट यांच्या मांडीवर होती. वरच्या कडेला बोटभर ओरखडा पडला होता, आतलं पांढरं दिसत होतं. हे वाटभर त्यावरून अंगठा फिरवत होते. घरी पोचल्यावर रॅकेट घेऊन वर्कशॉपात गेले आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला. पुढचा रविवार गेला, म्हटलं. पण मी त्यांना हाक मारली नाही. आज त्यांनी चारचौघांत आपली शिवण उसवली होती. त्याच्या बदल्यात मी एक रविवार द्यायला तयार होते.

जेवायच्या वेळी हे बाहेर आले आणि रॅकेट टेबलावर ठेवली. मी ती उचलली. हात आपोआप वर गेला. ओरखडा होता तसाच होता, बोटभर, आतलं पांढरं दाखवणारा. जन्मात एक चरा तसा न ठेवणारा माणूस पाणी प्यायला वळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुसली फक्त."