न्हावऱ्याची नाताळगाडी

शांतवन रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडहून न्हावऱ्याला राहायला आला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी चहा पिता पिता त्यानं जाहीर केलं, "यंदा नाताळची गाडी निघणार."

"कुठली गाडी, पप्पा?" मोनालीनं विचारलं. ती त्याची धाकटी मुलगी. रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला होती. त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती म्हणून निवांत बसली होती.

"बैलगाडी. तुझं आजोबा काढायचं ती."

सोजराबाईनं चुलीपुढून नवऱ्याकडं वळून बघितलं. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षी तिनं ती गाडी पाहिली होती. तेव्हाच शेवटची.

न्हावऱ्यात ख्रिस्ती घरं पाच, आणि दगडी भिंतींचं, वर पत्रा घातलेलं लहानसं चर्च एक. शांतवनचा बाप नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलगाडीला केळीचे खुंट बांधायचा, कळकाच्या उंच काठीवर कागदी तारा चढवायचा, त्यात दिवा लावायचा आणि ढोलकी-झांजांवर येशूजन्माची भजनं म्हणत सगळ्या गावातून गाडी फिरवायचा. कुणाचं घर आहे हे न बघता प्रत्येक दारात करंजी द्यायची, असा त्याचा नेम होता. बाप गेला, शांतवन नोकरीला लागला, आणि मग शिरूरवरून स्पीकर लावलेला टेम्पो यायला लागला. टेम्पो अर्ध्या तासात गाव उरकायचा.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नाताळ जोरात व्हायचा. केक, झाड, रंगीत दिवे, कशाला म्हणून कमी नव्हतं. पण ड्यूटीवर असला की शांतवनला त्या काठीवर डुलणाऱ्या ताऱ्याची आठवण व्हायची. आता हाताशी वेळ होता. तो कामाला लागला.

कळकाच्या काड्या तासून त्यानं पुरुषभर उंचीचा पाच कोनांचा सांगाडा बांधला. सोजराबाईनं मैद्याची खळ शिजवली आणि उंदरांनी कागद खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. मोनालीनं कारेगावच्या दुकानातून लाल-पिवळा पतंगी कागद आणला. कागद चिकटवताना तिची बोटं रंगली ती चार दिवस निघेनात. कंपनीत सुपरवायझरनं विचारलं, तर तिनं मोबाईलवर ताऱ्याचा फोटोच दाखवला. दुसऱ्या दिवशी तिच्या लाइनवरच्या सहा जणींनी विचारलं, "आम्ही आलो तर चालंल का?"

सगळं जमत आलं. फक्त बैल नव्हते.

गावात आता ट्रॅक्टर होते, पिकअप होते, बुलेट होत्या. बैल होते ते एका मारुतरावाकडं. मारुतराव शांतवनचा शाळेतला दोस्त, पंचवीस एकरांचा बागायतदार. लहानपणी करंज्यांच्या आशेनं तो नाताळच्या गाडीत सगळ्यांच्या आधी चढून बसायचा.

"बैल हायेत की," मारुतराव म्हणाला. "वजीर आन् बादल. पर शांतू, ते शर्यतीचे हायेत बरं का."

"गाडीच ओढायचीय ना? हळू चालवू."

"हळू?" मारुतरावानं डोकं खाजवलं. "त्यांला हळू कुणी शिकवलंच न्हाई."

तरी बावीस तारखेला दुपारी रंगीत तालीम ठरली. मारुतरावाच्या गोठ्यामागं पडलेली जुनी लोखंडी धावेची गाडी बाहेर काढली, धुतली, तिच्यावर काठी बांधून तारा चढवला. वजीर आणि बादल जुवाखाली आले, ते गुलाल लागल्यासारखे ताठ मानेनं. शांतवन झांजा घेऊन पुढं बसला. मोनाली ढोलकी घेऊन मागं. मारुतरावानं कासरा धरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली.

"हं, होऊ दे," मारुतराव म्हणाला.

मोनालीनं ढोलकीवर पहिली थाप मारली.

आता त्या बैलांनी आयुष्यात वाद्य ऐकलं होतं ते फक्त शर्यतीच्या घाटात, धावपट्टीवर, आणि वाद्य वाजलं की काय करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात गर्दीतल्या कुणीतरी सवयीनं आरोळी ठोकली, "भिर्रर्रर्र!"

गाडी उडाली. मोनाली ढोलकीसकट मागच्या मागं वैरणीच्या ढिगात पडली, म्हणून वाचली. मारुतरावाच्या हातातून कासरा सुटला आणि त्यानंही बाजूला उडी टाकली. शांतवन एकटाच गाडीच्या साट्याला मिठी मारून गाडीत राहिला. ग्रामपंचायत गेली, एसटीचा थांबा गेला, थांब्यावरची माणसं भिंतीला चिकटली. वाटेतल्या बाभळीनं तारा ओरबाडून घेतला. शेवटी गाडी कांद्याच्या रानात शिरली, ओल्या वाफ्यात एक चाक निखळलं आणि बैल फुरफुरत उभे राहिले.

माणसं धावत आली. शांतवन चिखलात बसला होता. झांजा हातात होत्या, पायात एकच चप्पल होती.

"पप्पा, लागलं का?"

"न्हाई गं." त्यानं वळून बाभळीकडं बघितलं. लाल-पिवळ्या कागदाच्या चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. "तारा गेला मातुर."

मारुतराव धापा टाकत पोचला. आधी त्यानं दोस्ताचे हातपाय चाचपून बघितले. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर मात्र त्याला राहवेना. "शांतू, पर पळालं कसं, बघितलंस का? घाटात असते तर फळीफोड बारी झाली असती, पैला नंबर!"

शांतवननं त्याच्याकडं रागानं बघितलं, आणि मग तोही हसायला लागला. चिखलात बसूनच पोट धरून हसला.

घरी आल्यावर मात्र हसू मावळलं. गाडी मोडली, तारा फाटला, दोन दिवस उरले. "टेम्पो सांगू का शिरूरला?" मोनालीनं हळूच विचारलं. शांतवन पायाचा वाळलेला चिखल खरवडत राहिला.

बोलली ती सोजराबाई. "मळ्याकडं ऊसतोडीची टोळी उतरलीय. त्यांच्याकडं दहा-बारा गाड्या हायेत. रंगुबाई रोज माझ्याकडनं ताक नेती. तिच्या मालकाला इचारून बघा."

"दिवसभर राबणारी जनावरं ती. आपल्या हौसंसाठी कशी मागायची?"

"मागू नका. इचारा."

संध्याकाळी तिघं मळ्याकडं गेली. पाचटाच्या कोप्यांपुढं, त्या बुटक्या झोपड्यांपुढं, चुली पेटल्या होत्या. रंगुबाई भाकरी थापत होती आणि तिचा नवरा नवनाथ बैलांच्या पुढं उसाचं वाढं टाकत होता. बीडकडची माणसं. शांतवननं चाचरत सगळं सांगितलं. शर्यतीच्या बैलांची गोष्ट टोळीत आधीच पोचली होती, त्यामुळं मधेच सगळी खिदळली.

नवनाथ एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आबा, माझं बैल दोन टन ऊस वढत्यात. तुमची गाणी किती वजनाची?"

"चोवीसला संध्याकाळी सहाला लागंल गाडी."

"चोवीसला माझी खेप हाय कारखान्यावर. सकाळी भरून जाणार. नंबर लवकर लागला तर सहाच्या आत आलोच म्हणून समजा. नाय लागला, तर मग माझ्या हातात नाय."

"चालंल."

"आन् एक," तव्यावरची भाकरी उलटत रंगुबाई म्हणाली. "गाडी आधी आमच्या कोप्यांवर आली पायजे. गावात मागनं."

तेवीस तारखेला मोनालीनं रजा टाकली. बापलेकीनं सकाळी नवा कळक फोडायला घेतला आणि दिवस मावळायच्या आत दुसरा तारा उभा केला. हा पहिल्याइतका देखणा नव्हता. एक कोन जरा आखूड होता, पिवळा कागद संपला म्हणून दोन ठिकाणी हिरवा आला होता. रॉकेल कुठंच मिळेना, म्हणून शांतवननं काचेच्या बरणीत करडईचं तेल घालून वात सोडली. मोनालीनं बॅटरीचा दिवा पुढं केला, तर तो म्हणाला, "ज्योत हलली पायजे. हलली की तारा जिता वाटतो."

चोवीसला दुपारपासून चर्चपुढं लगबग सुरू झाली. दाराला केळीचे खुंट, आंब्याच्या पानांचं तोरण, आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पताका. सुरूच्या फांदीवर मुलींनी कापूस आणि चमकी लावली. सोजराबाईनं तीनशे करंज्या तळल्या होत्या. शिरूरहून पाळकसाहेब आले, कारेगावहून मोनालीच्या मैत्रिणी दुचाक्यांवर आल्या. त्यातली तेजश्री बौद्ध घरातली, पण ढोलकी तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. मोनालीनं खुशीनं तिच्या हवाली केली.

सहा वाजले. गाडी नाही.

साडेसहा झाले. मोनालीनं नवनाथला फोन लावला, तो बंद लागला. शांतवन चर्चपुढून रस्त्यापर्यंत जायचा, कारखान्याच्या दिशेला बघायचा आणि परत यायचा. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नाही, हे त्याला माहीत होतं. पावणेसातला कुणीतरी म्हणालं, "माझा पिकअप आणतो. तारा टपावर बांधू." पाळकसाहेबांनी शांतवनच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबायचं का अजून?"

शांतवननं उत्तर द्यायच्या आत मारुतराव ओरडला, "गप! ऐका!"

लांबून घुंगरांचा आवाज येत होता. मग अंधारातून मोकळी गाडी दिसली, रबरी टायरची, आणि तिच्यावर उभा नवनाथ. अंगावर उसाची कुसळं, डोक्याला मफलर. बैल दुडक्या चालीनं येत होते.

"सकाळधरनं रांगंत हुतो, आबा!" तो लांबूनच ओरडला. "पुढच्या गाडीवाल्यांना सांगितलं, आमच्या गावात येशूबाबाची पाळण्याची येळ झालीया. चौघांनी नंबर सोडला बघा!"

अशी आरोळी उठली की चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मोनालीनं तेजश्रीला मिठी मारली. शांतवन मात्र आधी बैलांपाशी गेला. त्यांना पाणी पाजलं, सोजराबाईनं दोघांना पेंड खाऊ घातली, बैलांनी अर्धा तास दम खाल्ला. तोवर वीस हातांनी गाडी सजवली. काठी उभी राहिली, बरणीतली वात पेटली आणि आखूड कोनाचा तो तारा लाल, पिवळा, हिरवा होऊन हलायला लागला.

ठरल्याप्रमाणं गाडी आधी कोप्यांवर गेली. शांतवननं बापाचं भजन उचललं, "निजला गं राजा, गोठ्यात निजला." पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला. दुसरी ओळ मारुतरावानं उचलली. पन्नास वर्षांत एक शब्द विसरला नव्हता तो. तिसऱ्या ओळीपासून सगळे म्हणायला लागले. टोळीतल्या बायका चुलीपुढून उठून आल्या, पोरं गाडीत चढली, आणि रंगुबाईनं नवऱ्याच्या हातातून कासरा घेतला. "तुमी दिवसभर बसला हुता. आता मी हाकते."

कासरा रंगुबाईच्या हाती, ढोलकी तेजश्रीच्या. बैल ढोलकीला जराही बिचकले नाहीत, उलट ठेक्यावर पाय टाकत होते. गावात दारं उघडली. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली, कुणी म्हणालं, "शांतूच्या बापाची गाडी गं ही!" तरणी मंडळी मोबाईल वर धरून पुढं पळत होती. चौथ्या आळीत करंज्या संपल्या. सोजराबाई ओशाळली, तर लोकच काहीबाही आणून गाडीत टाकायला लागले. भुईमुगाच्या शेंगा, गुळाचा खडा, बोरं, पेरू. पुढच्या दारात तेच वाटलं गेलं. मारुतराव आपल्या गोठ्यापुढं मात्र ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होता. "इथनं चिडीचूप चला. वजीर ऐकंल!"

टेम्पो अर्ध्या तासात उरकायचा तेवढ्या गावाला गाडीला दोन तास लागले. कुणी घरी जायला तयार नव्हतं. पलीकडच्या वस्तीवरची दोन माणसं विचारायला आली, "आमच्याकडं येणार न्हाई व्हय?" सगळ्यांनी नवनाथकडं बघितलं. नवनाथनं बैलांकडं बघितलं आणि मान हलवली. "आता त्यांला झोपू द्या. उद्या टोळीला सुट्टी हाय. दुपारी येतो."

नाताळच्या सकाळी चर्च भरून लोक दारात उभे होते. पाळकसाहेबांनी पहिलं गीत म्हणायला शांतवनला पुढं बोलावलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. रात्रीच सगळा संपला होता. पहिल्या बाकावरची मोनाली हसायला लागली, मग सोजराबाई, मग सगळं चर्च. शांतवननं दोन्ही हात वर केले आणि खुणेनंच सगळ्यांना सांगितलं, तुम्ही म्हणा.

ते म्हणायला लागले.