केसभर उजवीकडे

गोव्यात तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत लेबलं छापायचा एक कारखाना आहे. तिथे सगुणने बावीस वर्षं एकच काम केलं, लेबलाच्या चारी बाजूंना खुणा लावायचं. कुठे कापायचं त्याच्या रेघा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसावा म्हणून बारीक फुल्या. फेणीची बाटली असो की काजूचं पाकीट, माप बदललं की खुणा परत पहिल्यापासून. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं? लावून बघा म्हणावं एकदा!

मग मालकांनी, सतीशबाबांनी, कोल्हापूरची प्राजक्ता आणली. संगणकात लेबलाचं माप घातलं की खुणा आपोआप जागेवर जाऊन बसतील, असं ती बसवून देणार होती. नियम मात्र सगुणने सांगायचे. "एवढं झालं की पुढच्या महिन्यापासून तू मोकळा," सतीशबाब त्याला एकट्याला गाठून म्हणाले. मोकळा! पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो?

सगुणने सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट पोटात ठेवली. त्यांचं जुनं मशीन तापलं की कागद केसभर डावीकडे सरकायचा. म्हणून लाल रंगाच्या फुल्या तो आधीच केसभर उजवीकडे ठेवायचा. हे मशीनवरच्या परशुरामलाही ठाऊक नव्हतं. सुरुवातीचे शंभर कागद वाकडे निघाले की तो हसायचा, "मशीन अजून जागा झाला नाय."

चाचणीच्या दिवशी मात्र पहिले शंभर कागद फक्कड निघाले आणि मग लाल रंग काळ्याच्या बाहेर डोकावू लागला. आता संगणकाचं खूळ जाईल, असं सगुणला वाटलं. पण पडद्यावर तर सगळं बरोबर! मग सगळे परशुरामकडे वळले.

परशुरामने मशीन थांबवून फुल्या जुळवल्या. तोवर मशीन निवलं, तापल्यावर पुन्हा तेच. दुपारपर्यंत रद्दीचा ढीग कमरेला लागला. "पिऊन आलास काय रे?" सतीशबाब सगळ्यांसमोर ओरडले. थेंबाला न शिवणारा माणूस तो! त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सगुणा, डोळे गेले रे माजे," तो हळूच म्हणाला. "सतीशबाबांका सांगतंय, माका आता उतरवा मशीनवरसून."

सगुणने ढिगातला एक वाकडा कागद उचलला. दोन दिवस मूग गिळून बसलं असतं तर पोरगी कोल्हापूरला परत गेली असती. पण दहाच्या चहाला आपला अर्धा उंडो पाव बावीस वर्षं याच माणसाने त्याच्या हातावर ठेवला होता.

तो प्राजक्ताकडे गेला. "गो बाय, लाल फुल्या केसभर उजवीकडे घे. कागद सरकता."

"केसभर म्हणजे किती, काका?"

ते त्याने कधी मोजलंच नव्हतं. तिनेच त्याच्या जुन्या कामावर मोजून पाहिलं आणि एका चौकटीत आकडा घातला. झालं. आता सगुणला विचारण्यासारखं काही उरलं नाही.

संध्याकाळी लेबलं चोख निघाली. "हे आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणून सतीशबाब निघून गेले. परशुराम कागद उजेडात धरून लहान पोरासारखा नाचत होता.

"बघ मेल्या, शाबूत असत माजे डोळे!" त्याने सगुणच्या पाठीत धपका घातला. "उद्या बेगीन ये हां. फेणीचा लेबल लावूचा हा. तुज्या फुल्यांशिवाय माजा चलणा नाय."

"येतंय," सगुण म्हणाला. महिना संपायला अजून चार दिवस होते.