हत्ती येईपर्यंत

समजा, तुमच्या हातात पाच कार्डं आहेत. एकावर हत्ती, एकावर वाघ, मग गवा, मग अस्वल, आणि शेवटी आणखी एक वाघ. आणि समजा, समोरच्याच्या हातात खार, ससा, मुंगूस अशी किरकोळ मंडळी. सांगा बरं, कोण जिंकेल?

राखीलाही तसंच वाटलं होतं.

नाशिकच्या त्यांच्या कॉलनीत त्या सुट्टीत सगळ्या पोरांना ‘रानकिल्ला’चं वेड लागलं होतं. खेळ तसा सोपा. दोघांचे दोन किल्ले, प्रत्येक किल्ल्याला दहा दगड. सुरुवातीला हातात पाच कार्डं, मग दर खेपेला गठ्ठ्यातून एक उचलायचं. पहिल्या खेपेला तुम्हाला पाण्याचा एक थेंब मिळतो, दुसऱ्या खेपेला दोन, तिसऱ्या खेपेला तीन. उरलेलं पाणी साठत नाही. कोणता प्राणी किती थेंब पितो ते त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. खारीचं एका थेंबात भागतं, मुंगसाला दोन लागतात, हत्तीला सात. तेवढं पाणी असेल तरच प्राणी मैदानात उतरतो. उतरला त्या खेपेला तो दमलेला असतो. पुढच्या खेपेपासून तो दर खेपेला एकच काम करतो: समोरचा किल्ला फोडतो, समोरच्या प्राण्याशी झुंजतो, नाहीतर आपल्या किल्ल्यापुढे उभा राहून मार झेलतो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, राखीचं काय झालं ते. तिची बडी बडी मंडळी हातातच बसून राहिली. शेजारच्या जिन्यातल्या जीवननं पहिल्याच खेपेला खार सोडली, दुसऱ्या खेपेला मुंगूस.

“काय गं, हत्ती आंघोळीला गेलाय का?” तो म्हणाला.

“येईल. आला की बघ.”

हत्ती आलाच नाही. राखीचं अस्वल कसंबसं उतरलं तोवर तिच्या किल्ल्याचा शेवटचा दगड पडला होता.

कॉलनीतला नियम असा, की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचं एक कार्ड निवडून घ्यायचं. जीवननं जरासुद्धा विचार न करता सोनेरी हत्ती उचलला. तो राखीला वाढदिवसाला मामानं दिलेला. उन्हात धरला की त्याची सोंड चमकायची. राखी रोज झोपताना तो उशीजवळ ठेवायची.

“पुढच्या रविवारी परत खेळू,” ती म्हणाली.

“खेळू की. जिंकलीस तर माझं कुठलंही कार्ड घे. हरलीस तर मी वाघ घेणार. आधीच सांगून ठेवतो.”

शनिवारी राखी मखमलाबादला आबांकडे गेली. झुंबरआबा म्हणजे तिच्या आईचे वडील. त्यांचा भाजीपाल्याचा छोटासा मळा होता. शेडमध्ये बसून ते दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. राखीनं पोत्यावर बसकण मारली आणि सगळी कहाणी सांगून टाकली.

“माझ्याकडे त्याच्या दुप्पट कार्डं आहेत, आबा. साठ. तरी हरले.”

“साठच्या साठ घेऊन खेळलीस?”

“मग? कमीत कमी तीस लागतात. जास्त किती पण चालतात.”

“अन् त्यात खारी किती?”

“दोन.”

आबांनी एक हिरवी मिरची मेथीच्या ढिगात टाकली आणि ढीग हातानं घुसळला. “काढ बरं ती.”

राखीनं बरंच उचकपाचक केलं. मिरची काही सापडेना. आबांनी निम्मी मेथी बाजूला सारली, तशी लगेच सापडली.

“हं,” राखी म्हणाली. मग जरा वेळानं पुन्हा, “हं.”

“अन् तो तुझा हत्ती सातव्या खेपेला येतो?”

“हो.”

“मग तवर खायचं काय?”

राखीची नजर मळ्याकडे गेली. अलीकडच्या वाफ्यात मेथी, महिनाभरात निघणारी. त्याच्या पलीकडे टोमॅटो, त्याला अजून वेळ होता. आणि पार बांधाकडेला द्राक्षांचा लहानसा मांडव. तो आबांनी गेल्या वर्षी घातला होता, अजून त्याला एक घड लागला नव्हता.

“आबा, तुम्ही सगळ्या रानात द्राक्षंच का नाही लावली?”

“लावतो की. मग तुझी आजी मला माती वाढंल ताटात.”

राखी हसली. मग तिनं कार्डांची पिशवी पोत्यावर उपडी केली आणि थेंबांप्रमाणे रांगा लावायला घेतल्या. एका थेंबाच्या एका रांगेत, दोनाच्या दुसऱ्या, अशा थेट सातापर्यंत. डावीकडे चार-दोन कार्डं आणि उजवीकडे ही लांबलचक रांग. तिचा सगळा मळा द्राक्षांचाच होता.

तिनं जड कार्डं सगळी काढून टाकली. पिशवीच्या कप्प्यात नुसत्याच पडून असलेल्या, कधी मोजल्याही नव्हत्या अशा खारी, ससे, मुंगसं जमा करून तीस कार्डांचा गठ्ठा केला. “आता चला आबा, खेळा माझ्याशी. तुम्ही ही काढलेली घ्या.”

“मला कुठं येतंय?”

“मी सांगते ना.”

सुरुवातीला राखीची खारी-मुंगसं आबांच्या किल्ल्यावर तुटून पडली. पण सहाव्या खेपेपर्यंत तिचा हात रिकामा झाला. आता दर खेपेला उचलायची एक खार आणि टाकायची एक खार.

“हा बैल टाकू का?” आबांनी विचारलं.

“आबा, तो गवा आहे.”

“बरं, गवा.”

गव्यानं एकेक खार तुडवली. मागून वाघ आला. आबा जिंकले आणि इतके खूश झाले की जुडी बांधायची सुतळी कुठं ठेवली तेच विसरले.

“नुसती मेथी लावून पण चालत नाय गं,” ते म्हणाले. “उपटली का वाफा रिकामा.”

संध्याकाळी राखीनं पुन्हा गठ्ठा लावला. लहान जास्त, मधले बरेच, आणि शेवटासाठी दोन वाघ आणि एक अस्वल. बास.

रविवारी जिन्याखाली पोरांचं कोंडाळं जमलं. राखीनं पहिल्याच खेपेला खार सोडली.

“अरे, राखीबाईंकडे खार?” जीवन म्हणाला. “मी तर माझी मुंगसं देऊन टाकली. कुंदनकडून दोन गवे घेतले त्याबदली.”

सोनेरी हत्ती हातात आल्यापासून जीवनला मोठ्या प्राण्यांची गोडी लागली होती. पहिल्या चार खेपांत त्याच्या किल्ल्याचे दगड पडत गेले. मग त्याचं अस्वल उतरलं, गवा उतरला, आणि झुंज बरोबरीची झाली. सातव्या खेपेला दोघांच्याही किल्ल्यांचे चार-चार दगड उरले होते. त्याच्याकडे अस्वल, तेही त्या खेपेला किल्ल्यावर धावून झालेलं. तिच्याकडे एक खार आणि एक मुंगूस. बाकी सगळे झुंजून बाद.

तेव्हा जीवननं हळूच हत्ती खाली ठेवला. राखीचा हत्ती.

“संपलं,” कोंडाळ्यातला कुंदन पुटपुटला.

राखीच्या हातात साळिंदर आणि लांडगा होते. हत्तीवर सगळे मिळून धावून जावं असं तिला फार वाटलं. पण हत्ती पाडून दगड पडत नाहीत. तिनं खार आणि मुंगूस दोघांना किल्ल्यावरच धाडलं. खारीचा एक, मुंगसाचे दोन. जीवनचा एकच दगड राहिला. मग तिनं सातही थेंब खर्चून साळिंदर आणि लांडगा उतरवले.

पुढच्या खेपेला जीवननं हत्ती आणि अस्वल दोन्ही सोडले. आपल्या किल्ल्यापुढे कुणी ठेवायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. साळिंदरानं हत्तीला अडवलं, लांडग्यानं अस्वलाला. तिचे ते दोघंही बाद झाले. राखीचे चार दगड जागच्या जागी.

“माझी खार आहे अजून,” राखी म्हणाली, आणि तिनं शेवटचा दगड बोटानं पाडला.

“च्यायला, खारीनं,” जीवन म्हणाला. मग त्यानं सगळी कार्डं तिच्यापुढे पसरली. “घे. कुठलं पण.”

राखीनं सोनेरी हत्ती उचलला, सदऱ्याला पुसला आणि उन्हात धरून सोंड चमकते का ते पाहिलं. मग ती तिथेच फरशीवर बसली. आपल्या गठ्ठ्यातून एक वाघ शोधून काढला, खिशात ठेवला आणि त्याच्या जागी हत्ती घातला. सगळी कार्डं एकदा मोजली. तीसच होती. मग तिनं गठ्ठा जीवनपुढे सरकवला आणि म्हणाली, “पिस.”