तीन-सातच्या कप्प्याची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, लाल कापडी पुठ्ठ्याची आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. नरडाण्याला हिलाल आबांचं औषधांचं दुकान आहे, तेच माझं घर. माझ्यात ना गोष्टी आहेत ना गाणी. कोणत्या कप्प्यात कोणतं औषध होतं आणि ते केव्हा होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

आबांची एक सवय होती. पावतीवर ते औषधाचं नाव न लिहिता कप्प्याचा क्रमांक लिहीत. तिसऱ्या फडताळातला सातवा कप्पा म्हणजे तीन-सात. लांबलचक नावं लिहीत बसलं, तर समोरचा आजारी माणूस ताटकळतो, असं त्यांचं म्हणणं.

दरवर्षी दसऱ्याआधी दुकानाची साफसफाई होई. फडताळं रिकामी करून पुसायची, रंगवायची आणि पुन्हा भरायची. भरताना ज्याचा खप जास्त ते औषध हाताशी येई. क्रमांक जागेवरच राही, आतलं औषध मात्र बदले. म्हणून आबा नवी मांडणी माझ्यात उतरवून घेत: कप्पा, औषधाचं नाव, त्यातला घटक, त्याची ताकद आणि तारीख. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे आणि त्या वर्षीच्या मांडणीच्या पानात आपट्याचं एक पान ठेवलं जाई. तो मान मिळाला की मी वर्षभर फुगून बसत असे!

पुढे आबांच्या सुनेने, सारिकाने, दुकानात संगणक आणला. मोठी कष्टाळू पोर. तिने जुन्या सगळ्या पावत्या त्यात भरल्या आणि औषधांची यादीही भरली. यादी मात्र त्या वर्षीच्या मांडणीची होती. मला कोणी विचारलं नाही. माझी रवानगी माळ्यावर, रिकाम्या खोक्यांखाली झाली. खोटं कशाला सांगू, मी रुसले होते.

गेल्या वर्षी धुळ्याहून सुलक्षणाताई आल्या. म्हातारी माणसं घेरी येऊन का पडतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी त्यांनी कितीतरी दुकानांतल्या पावत्या, माणसांची नावं वगळून, जमवल्या होत्या. प्रत्येक दुकानाचे क्रमांक वेगळे, कंपन्यांनी दिलेली नावं वेगळी. म्हणून आत जे खरं औषध असेल, त्याच्या एकाच प्रमाण क्रमांकात त्या सगळं बदलून घेत. मग दहा नावांची एकच गोळी एका ओळीत येई. मला हे काम फार आवडलं. आबांचंच काम, फक्त मोठ्या फडताळावरचं!

ताई म्हणाल्या, "आबा, घेरी आलेल्या बऱ्याच जणांच्या जुन्या पावत्यांवर तीन-सात आहे. तुमच्या यादीत तीन-सात म्हणजे शुगरची गोळी. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या बैठकीत हे मांडायचं आहे. त्याआधी एकदा खात्री करायला आले."

नेमक्या तेव्हा भिकुबाई अक्का दुकानात उभ्या होत्या. सात वर्षं तीच गोळी त्यांची शुगर ताब्यात ठेवत होती. त्यांनी हातातलं पाकीट मागे सरकवलं.

"माय वं! मंग माले नको हाई गोयी. परत ठेव."

आबांचा चेहरा उतरला. एकट्या अक्का नव्हत्या, गावात कितीतरी जण ती गोळी घेत होते. बातमी पसरली तर सगळेच सोडून देतील, हे त्यांना कळत होतं.

"थांब वं अक्का. बठ्ठं तपासू दे, मंग बोल," असं म्हणून ते सगळं पडताळायला, मला शोधत स्वतः माळ्यावर चढले. सारिका खालून शिडी धरून उभी होती.

त्यांनी माझ्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. आपट्याची वाळलेली पानं एकेक वर्ष दाखवत गेली. सारिकाची यादी ज्या दसऱ्यानंतरची होती, त्याच्या आधीच्या पानावर आबांचं बोट थांबलं. तीन-सात: खाजेची गोळी, झोप आणणारी. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगाला खाज सुटली की म्हातारी माणसं हीच मागून नेत.

ताईंनी प्रत्येक पावतीची तारीख माझ्या पानांशी लावून पुन्हा क्रमांक बदलले. घेरी आलेल्यांच्या पावत्या जवळजवळ सगळ्या खाजेच्या गोळीच्या निघाल्या. शुगरची गोळी निर्दोष सुटली.

"चूक माझीच, आबा. मी यादी कधीची आहे ते विचारलंच नाही," ताई म्हणाल्या.

"मीही सांगितलं नाही," सारिका हळूच म्हणाली.

आबा कोणावरच रागावले नाहीत. अक्कांनी पाकीट उचलून पिशवीत टाकलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, मी आबांची ऋणी आहे, कारण त्यांनी तारीख लिहायचा कधी आळस केला नाही. सुलक्षणाताईंची ऋणी आहे, कारण बोलण्याआधी त्या विचारायला आल्या. उंदराचेही आभार, त्याने कोपऱ्यावरच भागवलं! तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी वही असेल. रद्दीत टाकण्याआधी ती एकदा उघडून बघा.

आता मी संगणकाशेजारी असते आणि सारिका प्रत्येक नव्या मांडणीची तारीख दोन्हीकडे लिहिते. यंदाच्या दसऱ्याला भिकुबाई अक्का आल्या. त्यांनी माझ्यात आपल्या हाताने आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई वही व्हती म्हनीसन मनी गोयी वाचनी."

मग त्यांनी यंदाही तीन-सातमध्येच असलेलं, त्या वाचलेल्या शुगरच्या गोळीचं पाकीट मागून घेतलं.