दोनदा बुडालेल्या वन्सं

"ह्याला तूप म्हणायचं म्हणे. ना वास, ना कणी. गाईचं आहे असं डब्यावर छापलंय, पण त्या गाईला कोणी विचारलंय?"

सासूबाई माझ्या खांद्याला खांदा लावून शेगडीपाशी उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या. माझ्याशी नाही, पातेल्याशी. आमच्या जर्मनीतल्या, गेर्लिंगेनच्या स्वयंपाकघरात सगळ्या शेगड्यांवर बुटरश्माल्त्स वितळत होतं. बुटरश्माल्त्स म्हणजे जर्मन लोकांचं तूप, बटाटे परतायला वापरतात ते. मी दुकानातलं सगळंच उचललं तेव्हा गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, हॉटेल काढलंय का? मी "जा, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी तसंच, म्हणून मोकळी झाले. खरं काय सांगणार होते? की माझी नणंद मेली नाही, म्हणून तिला तुपाची आंघोळ घालायची आहे?

ही नणंद म्हणजे सुलेखा, जयंतची थोरली बहीण. लग्न झाल्यापासून मी त्यांना वन्सं म्हणते. वयाच्या विशीत त्या मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या प्रवासी जहाजावर आया म्हणून चढल्या, बायकांची पोरं सांभाळायला. ती जहाजं बंद पडली तशा त्या दुसऱ्या देशांच्या जहाजांवर गेल्या आणि स्टुअर्डेस झाल्या. स्टुअर्डेस म्हणजे केबिनी बघणारी. सकाळचा चहा, अंथरुणं, टॉवेल, ओकाऱ्यांच्या बादल्या, आणि घंटा वाजली की हजर. आमच्या ओळखीच्या मराठी लोकांत कोणी विचारलं की जयंत "हॉस्पिटॅलिटी सेक्टर" असं पुटपुटायचा. एकदा श्टुटगार्टला दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने तेच म्हटलं. शेजारी वन्सं चकलीचा तुकडा मोडत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी लोकांच्या गाद्या घालते हो. भरतीत आणि ओहोटीत, दोन्हीत घालता येतात मला. तुम्हाला येतात?"

त्या पहिल्यांदा बुडाल्या तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. जहाजाच्या इंजिनघरात आग लागली होती. दुसऱ्यांदा बुडाल्या त्या याच वर्षी, दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात. पन्नास वर्षांचं थकलेलं जहाज, नाव बदलून आणि रंग फासून अजून चालवत होते. मादागास्करच्या वरच्या अंगाला वादळात त्याच्या पोटात पाणी शिरलं.

कंपनीचा फोन आला जयंतला. बेपत्ता, आशा फार नाही. आम्ही आमच्या मुलीला, कौमुदीला, घेऊन पुण्याला सासूबाईंकडे धावलो.

आणि मग आमच्या घराने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. गुरुजी म्हणाले, देह नाही, बातमी पक्की नाही, शास्त्र सांगतं थांबा, बारा वर्षं थांबा. जयंत म्हणाला, माझा उरलाउब महिनाअखेरीला संपतो. उरलाउब म्हणजे रजा. जर्मनीत ती एकदा मंजूर झाली की तिच्यात माणसाला मरावं लागतं आणि जगावंही लागतं. ऑफिसात नवीन पंपाच्या चाचण्या सुरू व्हायच्या होत्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, त्याला वन्संचं नाव दिलं, अग्नी दिला, आणि दिवसांचं सगळं एका आठवड्यात कोंबून बसवलं.

पिंडाला कावळा शिवेना. शेजारच्या कुणाच्या पिंडावर कावळ्यांचं भांडण चाललेलं आणि आमच्या पिंडाकडे ढुंकून बघायला तयार नाहीत. एक आत्याबाई म्हणाल्या, लग्न राहिलं ना, त्यात जीव अडकलाय. जयंतने हात जोडले, ताई, तुझ्या कामाला मी कधी नावं ठेवणार नाही. कावळा तारेवर. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही गेर्लिंगेनला परतलो, जयंत थेट कामावर.

तिकडे वन्संना मासेमारीच्या एका होडीने उचललं होतं. एका लहानशा बेटावर उतरवलं, तिथे वादळाने फोनच्या तारा पडलेल्या. तारा जोडल्या तसा फोन आला. मीच घेतला. "स्वरूपा, मी आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी रिसीव्हर हातात धरून जमिनीवर बसले.

आनंद झाला का? झाला. रडलो, पेढे केले. पण त्या दिवसापासून घरात एक गोष्ट कोणी बोलेना. दवाखाना, चौकशी, व्हिसा असं करत ऑक्टोबरात त्या आमच्याकडे आल्या, सासूबाईंना आम्ही आधीच आणलं होतं. विमानतळावरून घरी येताना जयंत तीन वेळा म्हणाला, "ताई, तू बारीक झालीस." मी हवेबद्दल बोलले. सासूबाईंनी लेकीचा हात धरून ठेवला होता. दिवाणखान्यातला वन्संचा हार घातलेला फोटो मी आदल्या दिवशी काढून खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, स्कीच्या बुटांमागे ठेवला होता.

वन्संनी मात्र पहिल्या रात्री सगळं सांगितलं, जेवता जेवता. जहाज कललं तेव्हा बोळातले दिवे गेले, मग भिंतीवरून चालायचं. "एक हात जहाजाचा, एक हात आपला, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तो आपला हात मी प्रवाशांना दिला." एक म्हातारा दातांची कवळी आणायला केबिनीत परत निघाला होता. वन्सं त्याला म्हणाल्या, आधी बोटीत बसा, खायला मिळालं तर दातांचं बघू. "बोटीत बसून तो मला शिव्या देत होता. सगळ्या स, श च्या जागी हवा." कौमुदी हसून हसून टेबलाखाली गेली. माझी मुलगी चौदा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. आत्या तिला जर्मनमध्ये टोमणेसुद्धा मारू शकते, याचं तिला फार कौतुक.

"आता पुरे झालं ना, ताई?" जयंत म्हणाला.

"काय पुरे?"

"समुद्र."

"शनिवारी ब्रेमरहाफेनहून जहाज सुटतंय. मला घेतलंय त्यांनी. त्रेपन्नाव्या वर्षी बाई घेतात का कोणी? मला घेतलं. म्हणाले, तुम्हाला बोटी उतरवता येतात."

"दोनदा बुडालीस!"

"दोनदा वर आले असंही म्हणता येतं. तू इंजिनियर ना? मोज नीट."

त्यानंतर जयंतने सगळे उपाय केले. हायडेलबर्गला फिरवून आणलं, किल्ला दाखवला, तिथल्या नदीवर फेरीबोटीत चहा देणारी बाई दाखवली. "बघ, हेही जहाजच की." वन्संनी नदीकडे पाहिलं. "ही नदी गुडघाभर असेल रे. इथे बुडायला माणसाला मेहनत करावी लागेल."

सासूबाईंची काळजी वेगळी होती. ज्याचे दिवस घातले त्याला घरात आणि जगात जागा राहत नाही, तो कुठे गेला तरी यमाच्या वहीत मेलेलाच, असं त्यांच्या मनाने घेतलं. असं माणूस समुद्रावर गेलं तर समुद्र ते ठेवूनच घेणार. पुण्याला गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, उपाय आहे. तुपाने न्हाऊ घालायचं, मग ते बाळ समजायचं, कानात नाव सांगायचं, बारसं करायचं, की पुन्हा जन्म झाला. मंत्रांची सीडी त्यांनी कुरिअरने धाडली.

म्हणून हे बुटरश्माल्त्स. वन्संना सांगायचं ठरलं होतं की खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटली आहे, त्यावर आजीबाईचा उपाय. बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे मी गुपचूप भिजत घातले होते. शुक्रवार होता. दाराशी वन्संची बॅग भरून तयार होती.

तूप कोमट झालं तसं आम्ही पातेली न्हाणीघरात नेली. टब पांढरा, तळाशी थोडं पिवळं दिसेल इतकंच तूप जमलं. जयंतने टबाकडे पाहिलं, मग पातेल्यांकडे, आणि मला हळूच म्हणाला, "हे नळात गेलं तर हाउसमाइस्टर आपल्याला घराबाहेर काढेल." हाउसमाइस्टर म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणारा, कचऱ्याचा डबा चुकला तरी चिठ्ठी लावणारा.

वन्सं टॉवेल गुंडाळून आल्या. टब पाहिला. बोट बुडवून वास घेतला. मग कडेवर बसल्या, पाय बाहेरच.

"उतरा ना, वन्सं," मी म्हटलं, "गार होईल."

"हे काय आहे?"

"स्किनसाठी—" जयंत म्हणाला.

"जयंता, स्किन गेली खड्ड्यात. माझ्या पायाला बेटावरच्या कोळिणीने खोबरेल लावलं, पाय केव्हाच बरे झाले." त्यांनी टॉवेल घट्ट केला. "मी शेकडो माणसं बोटीत उतरवली. अंधारात, पावसात, रडणारी. प्रत्येकाला आधी सांगितलं, का उतरायचं. कोणाला ढकललं नाही. मला कारण न सांगता कोणी कुठे उतरवणार नाही. तुपातसुद्धा नाही."

सीडी प्लेअरमधून मंत्र सुरूच होते. कौमुदी दारात उभी होती. तिने वैतागून जर्मनमध्ये म्हटलं, "आबर झी लेब्ट दोख!" म्हणजे, अरे पण ती जिवंत आहे ना! आणि जाऊन सीडी बंद केली.

"हिला निदान दिसतंय," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही तिघं माझ्याकडे असं बघता जसं मी भिंतीतून आले. चहा देताना कप खाली ठेवता, हातात देत नाही. मी भुताची गोष्ट आहे का?"

जयंतने चष्मा काढला. तुपकट बोटांनी तो धुरकट झाला होता, पण त्याने पुसला नाही. "ताई," तो म्हणाला, "आम्ही तुझे दिवस घातले."

"माहीत आहे."

मी हातातलं पातेलं कमोडच्या झाकणावर ठेवलं.

"बेटावरून मी पहिला फोन पुण्याला केला होता," वन्सं म्हणाल्या. "घरी कोणी उचलेना, म्हणून शेजारी. विभावरीकाकूंनी माझा आवाज ऐकला आणि रामरक्षा म्हणायला लागल्या. अर्धी झाल्यावर मी पुढची ओळ म्हटली, तेव्हा त्यांना पटलं की भुताला एवढं पाठ नसतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पुतळा, आठवडा, रजा. कावळा शिवला नाही हेही सांगितलं." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "ते ऐकून बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूने होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

"मी का बोलू? मेलेल्याने आधी बोलायचं असतं का? तुमच्यातलं कोण बोलतं ते बघत होते. बॅग भरली तरी कोणी बोललं नाही. उद्या सकाळी मी गाडीत बसले असते आणि तुम्ही हात हलवला असता, हो ना? तसं झालं असतं तर मी परत या दारात आले नसते. हे सांगून ठेवते."

"ताई, माझी चूक. माझी रजा..."

"रजेचं मला सांगू नकोस. रजा वाढवता येते. लाटांवर आदळणाऱ्या जहाजातून मी बाळंतीण बाई बाहेर काढली आहे, तुझा साहेब काय त्याहून अवघड आहे? मला तुमच्या पुतळ्याचा राग नाही. हार घातलात त्याचाही नाही, बॅग आणायला केलरमध्ये गेले तेव्हा दिसला फोटो, चांगला आलाय तो, राहू दे." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला एकच विचारायचंय. गुरुजी थांबा म्हणत होते. तुम्ही थांबला का नाहीत?"

जयंतने माझ्याकडे पाहिलं. मी टबाकडे पाहिलं. तूप थिजायला लागलं होतं. आम्ही दोघांनी इतके महिने रजेचं नाव पुढे केलं होतं, लोकांना, स्वतःला, एकमेकांना. त्याच्या मागे काय होतं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

सासूबाई दारापाशी उभ्या होत्या. हातात रिकामं पातेलं, पदर खोचलेला.

"त्याला नको विचारूस," त्या म्हणाल्या. "तो थांबायला तयार होता. मी सांगितलं त्याला, उरकून टाक."

"आई, असू दे," जयंत म्हणाला.

"नाही असू द्यायचं. तिने विचारलंय." सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही कापत नव्हता. लेकीशी भांडायला उभं राहावं तशा उभ्या होत्या. "तू पहिल्यांदा बोटीवर गेलीस त्या दिवसापासून मी झोपले नाही, सुले. पुण्यात वारा सुटला तरी उठून बसायचे. पुण्यात! समुद्र कुठे, मी कुठे. पहिल्यांदा बुडालीस, परत आलीस, मला वाटलं आता सोडेल. तू पुन्हा गेलीस. तुला अडवायची नाही असं मी ठरवलं होतं, अडवली नाही. पण रोज वाट बघायची, रोज. मग कंपनीचा फोन आला. मी रडले. आणि त्या रात्री झोपले. इतकी वर्षं झोपले नव्हते अशी, सकाळी उन्हं अंगावर आली तरी. गुरुजी म्हणाले, बारा वर्षं. पुन्हा बारा वर्षं वाट? मला नको होती. तू गेलीस हे ऐकून मी सुटले होते, सुले."